भंगलेल्या फाइलचं विसर्जन

माझे सासरे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून, कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली आहे हे माइकवरून सांगणारे जे गृहस्थ असतात, ते. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण सवय काही गेली नाही. बाजारातून भाजी आणली तर ती कुठून निघाली, कोणत्या मार्गे आली आणि वाटेत कुठे थांबली हे सगळं ऐकून घ्यावं लागतं. मी माहेरची सातारची. आमच्याकडे निम्मं वाक्य गिळून टाकतात आणि उरलेलं डोळ्यांनी सांगतात. त्यात मी शाळेत गणित शिकवते. दोन ओळींत होणारं उत्तर कोणी पानभर लिहिलं की माझं डोकं फिरतं. अशी आम्ही दोन माणसं रत्नागिरीत एका छपराखाली राहतो, आणि बहुतेक दिवस आम्ही दोघंच असतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. नवरा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर असतो, सुट्टीपुरता घरी येतो. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर आम्हाला ठेवून गेली.

मी तो भंगारात देणार होते. पण एक दिवस शाळेतून आले तर सासरे त्याच्यासमोर बसलेले. चष्मा नाकाच्या टोकावर, उजव्या हाताचं एक बोट वर धरलेलं, आणि ते बोट आता कुठे उतरवावं याचा विचार चाललेला. नातीने फोनवरून त्यांना मराठी टाइप करायला शिकवलं होतं. मला कोणी कळवलं नव्हतं. महिन्याभरात ते अख्खी वाक्यं लिहायला लागले आणि मग फाइलींना नावं द्यायला लागले. तिथून माझा त्रास सुरू झाला.

परसातल्या फणसाचा एक फोटो होता. त्याचं नाव होतं : "परसदारच्या बरक्या फणसाला यंदा पहिलाच धरलेला फणस नातीने पुण्याहून येऊन बघण्याअगोदर खालच्या अंगाने काढलेला".

"बाबा, नुसतं ‘फणस’ म्हटलं तरी चालतं," मी म्हटलं.

"आनी कापा का बरका? कंच्या झाडाचा? कुनासाटी काढला? हे कुनी सांगायचं?"

"फोटो उघडला की दिसेलच की."

"उगडायच्या आदी कळाय नको? गाडीत बसल्यावर गाडी कुटं चाललीय ते इचारतंस काय तू?"

या माणसाशी वाद घालता येत नाही. बाहेर कोणाशी बोलताना ते माइकवरची शुद्ध मराठी बोलतात, माझ्याशी मात्र गावाकडची. मला हा माझा मान वाटतो, पण तसं मी कधी त्यांना सांगितलेलं नाही.

आता गाऱ्हाण्याचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यावरून झालं. आमचं गाव रत्नागिरीहून एसटीने तासाभराच्या आत येतं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी बाहेर पडते आणि सहाणेवर, म्हणजे पालखीसाठी बांधलेल्या दगडी चौथऱ्यावर, येऊन बसते. तेव्हा गावातर्फे एक जण पुढे उभा राहतो आणि देवाला गाऱ्हाणं घालतो. आधी ग्रामदेवता, मग चव्हाट्यावरचा, मग पाणवठ्यावरची, असं करत करत गावाच्या शिवेपर्यंत जाऊन प्रत्येक देवाला हाक मारायची. मग मुंबईला गेलेल्यांना सांभाळ, गुराढोरांना सांभाळ, असं सगळ्यांच्या वतीने मागायचं. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका सुरात "होय म्हाराजा!" म्हणतात. कोणालाही वगळायचं नाही, कोणाचाही नंबर पुढेमागे करायचा नाही आणि कागद हातात धरायचा नाही. हा मान आमच्या घरात आहे. सासऱ्यांना तो त्यांच्या वडिलांकडून आला.

गेल्या वर्षी सासरे मध्येच थांबले. चांगले रंगात आले होते, आवाज थेट मागच्या माडापर्यंत जात होता, आणि एका नावापाशी गाडी बंद पडावी तसे थांबले. ओठ हलत होते पण शब्द येईना. गावाने सांभाळून घेतलं. कोणीतरी मोठ्याने "होय म्हाराजा" म्हटलं, बाकीच्यांनी ओढलं, तेवढ्यात त्यांना पुढचं आठवलं आणि गाऱ्हाणं पार पडलं. नंतर कोणी एका शब्दाने बोललं नाही. कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं, कारण सासरे स्वतःही त्यावर कधी बोलले नाहीत. फक्त यंदा पौष सरता सरता ते रोज सकाळी कॉम्प्युटरपुढे बसून गाऱ्हाणं टाइप करायला लागले. सहाणेवर वाचायला नाही, घरी घोकायला. परीक्षेआधी माझी मुलं घोकतात तसं. ते बघून मी उगाचच भांडी आपटायचे.

त्यांनी ते नीट लावूनही ठेवलं होतं. एक फोल्डर ग्रामदेवतेचा. त्याच्या आत चव्हाट्याचा. त्याच्या आत पाणवठ्याचा. जसं गाऱ्हाणं गावातून शिवेकडे जातं तसं फोल्डरात फोल्डर, आणि सगळ्यात आत ती फाइल. मी म्हटलं, हे काय पोत्यात पोतं घालून ठेवलंय? ते म्हणाले, ह्याला रूट म्हनतात.

शिमगा जवळ आला आणि एका दुपारी फाइल सेव्ह होत असतानाच वीज गेली. आली तेव्हा फाइल उघडेना. कॉम्प्युटरने इंग्रजीत कळवलं की ही फाइल खराब झाली आहे. संध्याकाळी मी घरी आले तर सासरे झोपाळ्यावर बसलेले, झोपाळा जागच्या जागी.

"भंगली," ते म्हणाले.

"काय भंगलं?"

"फाइल."

"मग काढून टाकू आणि नवी लिहा. तुम्हाला पाठच आहे की." असं म्हणत मी पदर खोचून बसले आणि फाइल धरून सरळ डिलीट दाबलं. पडद्यावर एक चौकट आली, तिच्यात बरंच काही लिहिलेलं. मी ‘स्किप’ दाबलं. फाइल तिथेच. पुन्हा डिलीट, पुन्हा चौकट, पुन्हा स्किप. मग मी ती माउसने उचलली आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीकडे ओढत नेली.

"अगो थांब! कुटं टाकतंस?"

"कचऱ्यात. डिलीट म्हणजे तेच."

"देवांची नावं हायत त्यात! कचऱ्यात टाकतंस?"

मी माउस सोडला. फाइल आपल्या जागी परत गेली. ती तशीही जाणार नव्हतीच म्हणा.

सासऱ्यांचं म्हणणं असं. देव्हाऱ्यातली मूर्ती भंगली तर ती घरात ठेवत नाहीत, आणि उकिरड्यावरही टाकत नाहीत. तिचं विसर्जन करतात. ती बाहेर पडल्याशिवाय तिच्या जागी नवी बसवत नाहीत. गाऱ्हाण्याची फाइल भंगली, म्हणजे तिलाही तोच नियम. जुनी रीतसर जाईपर्यंत नवी लिहायची नाही. मी म्हटलं, बाबा, ही फाइल आहे, मूर्ती नव्हे. ते म्हणाले, मूर्ती तरी काय, पाषाणच. माझं डोकं पुन्हा फिरलं.

नवऱ्याला फोन लावला. त्यांच्या कारखान्यात काहीही अडलं की आधी सगळं बंद करतात आणि मग पहिल्यापासून चालू करतात, म्हणून तो म्हणाला, "फॉरमॅट मार." स्टँडजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात मी ते धूड रिक्षात घालून घेऊन गेले. दुकानदाराने दोनदा टकटक केलं, त्याच्याही समोर ती चौकट आली, त्यानेही न वाचता ‘स्किप’ दाबलं आणि तोही म्हणाला, "करप्ट आहे मॅडम. फॉरमॅटच करावा लागेल." फॉरमॅट म्हणजे काय, तर सगळंच पुसायचं. नातीचे फोटो, फणस, आणि एसटीच्या जुन्या गाड्यांचे मार्ग, जे सासऱ्यांनी आठवून आठवून लिहिले होते.

"एक मूर्ती भंगली म्हनून आख्खा देव्हारा दर्यात टाकायचा?" सोबत आलेले सासरे माझ्याकडे वळून म्हणाले. "तसं असंल तर ती डिस्कच काढून दे माज्याकडं. मी आरे-वाऱ्याच्या किनाऱ्याला जातो आनी सोडतो."

ते खरंच गेले असते. मी डिस्क काढू दिली नाही.

मग ते जे बोलले त्याने माझं भांडण संपलं. कॉम्प्युटर परत जागेवर लावून झाला होता, मी वायरी खोचत होते, आणि ते पाठीमागून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मानकऱ्यांना निरोप धाडतो. यंदा दुसरा कुनी बगा म्हनावं. फाइल जाईत नाय, नवी लिवता येत नाय. घोकल्याबिगर मी उबा ऱ्हानार नाय."

दरवर्षी शिमग्याच्या आधी ट्रंकेतून त्यांचं धोतर आणि पांढरी टोपी निघते, धुऊन दोरीवर पडते. यंदा ट्रंक उघडलेली नव्हती. मला त्या माणसाचं बोलणं लांबलचक वाटतं, कंटाळवाणं वाटतं, पण त्यांनी गप्प बसावं असं मला कधीही वाटलेलं नाही. हे मला तेव्हा वायरी हातात धरून कळलं, आणि मी इतकी चिडले की पहिला राग त्या फाइलवर निघाला.

"दोन दिवस थांबा," मी म्हटलं. "निरोप धाडू नका."

रविवारी जेवणं झाल्यावर मी कॉम्प्युटरपुढे बसले. डिलीट दाबलं. चौकट आली. आणि या वेळी मी ती वाचली. वर्गात मी रोज ओरडते, आधी प्रश्न वाचा, मग सोडवा. चौकटीत सरळ लिहिलं होतं की नाव फार लांब झालंय, ते आखूड करा, मग काय ते बघू. फाइल करप्ट होती हे खरं, पण ती जात नव्हती ते करप्ट असल्यामुळे नाही. बाहेरच्या फोल्डरपासून आतल्या फाइलपर्यंत सगळी नावं एकापुढे एक लावून कॉम्प्युटर तो पत्ता वाचत होता, आणि आमच्या घरचा पत्ता त्याला झेपेना.

मी इतकी हसले की सासरे झोपाळ्यावरून उठून आले.

"बाबा, तुमचं नाव लांब झालंय. कॉम्प्युटर म्हणतोय."

"माजं?"

"फोल्डरांचं. हा पहिला फोल्डर बघा. ‘श्री ग्रामदेवता माउली जिच्या कृपेने हे गाव वसले आणि जिच्या पायाशी आम्ही बारा वाड्यांची लेकरं हात जोडून उभी आहोत’. एवढं लांब होतं का हे? मागे मी बघितलं तेव्हा नुसतं ‘श्री ग्रामदेवता माउली’ होतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "फाइल भंगली ना, तवा म्हटलं कुनीतरी राह्यला असंल. कुनाचातरी मान राह्यला म्हनून असं झालं. मग सगळ्यांची नावं पुरी केली."

म्हणजे घोळ असा झाला होता. वीज गेली, फाइल बिघडली. सासऱ्यांना वाटलं देव कोपले. म्हणून मी घरी यायच्या आत त्यांनी बाहेरच्या प्रत्येक फोल्डरचं नाव बदलून त्यात त्या त्या देवाचं सगळं बिरुद घातलं, आणि त्यामुळे ती बिघडलेली फाइल कोणालाच हलवता येईनाशी झाली. आमच्या गावच्या देवांनी तिला चारी बाजूंनी घेरून ठेवलं होतं.

"आता आखूड करूया," मी म्हटलं.

"देवाचं नाव? आखूड?"

आता पुन्हा तेच. मी डोळे मिटले आणि मनात पाढे म्हटले. डोळे उघडले तर सासरे विचार करत होते, आणि तोडगा त्यांनीच काढला. नाव हाताने आखूड करायचं असेल तर आधी ते तोंडाने पुरं घ्यायचं. त्यांनी गाऱ्हाण्यासारखं म्हणायचं, मी "होय म्हाराजा" म्हणायचं, आणि मगच बटण दाबायचं. गाऱ्हाण्याला "होय" म्हणणारं कोणीतरी लागतंच, त्याशिवाय ते लागू होत नाही.

तर भर दुपारी, पंखा चालू करून, आम्ही बसलो. मी माउसवर, ते पाठीशी उभे. बसून गाऱ्हाणं घालत नाहीत.

"बा देवा म्हाराजा! गावच्या माउली, तुज्या किरपेनं ह्यो गाव वसला, तुज्या पायाशी बारा वाड्यांची लेकरं उबी हायत, त्यांच्याकडं लक्ष आसूंदे!"

"होय म्हाराजा," म्हणत मी टाइप केलं : ग्राम. एंटर.

"चवाट्यावरल्या राखनदारा, येनाऱ्याजानाऱ्यावर तुजी नजर, गावात वाकडं पाऊल येऊ देऊ नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा." चव. एंटर.

"मोठ्यानं म्हन गो. भूक लागल्यासारकी काय म्हनतंस?"

"होय म्हाराजा!" मी वर्गातला आवाज लावला. खिडकीत शेजारच्या भाभी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे मिस्टर आखातात बोटीवर असतात आणि आमच्या घरात काय चाललंय यावर त्यांचं बारीक लक्ष असतं.

"काय वो बाबा, पालखी यंदा रविवारीच आली काय?"

"पालखी नव्हे, फाइल जात आहे," सासरे म्हणाले. भाभींनी खिडकीचे गज धरले आणि पुढचं सगळं उभ्याने ऐकलं. एकदोन "होय म्हाराजा" त्यांनीही हसत हसत दिले.

पाणवठ्यावरची झाली, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठचा झाला, वडाखालचा झाला. माझ्या लक्षात येत होतं की सासरे पडद्याकडे बघतच नाहीत. नजर समोर भिंतीवर, हात जोडलेले, आणि शब्द धबधब्यासारखे वाहताहेत. स्टँडवर ऐन गर्दीत ते असेच बोलत असणार. मला वाटलं, यांना घोकायची काय गरज आहे? फक्त एका जागी ते थांबले. सड्यावरच्या जोगणीपाशी. सडा म्हणजे आमच्या गावामागचं उघडं कातळाचं पठार. तिथे वाटेत तिचा दगड आहे आणि त्याच्यावर जाणारा-येणारा झाडाचा पाला वाहून पुढे जातो. तिथे त्यांनी चष्मा खाली ओढला, वाकून पडद्यावर बघितलं आणि मग म्हटलं. मी "होय म्हाराजा" म्हटलं आणि लिहिलं : जोग.

शिवेवरचा राखणदार आखूड झाला आणि आम्ही फाइलपाशी पोहोचलो. विसर्जनाआधी दर्शन घ्यावं म्हणून ती उघडून बघितली. या वेळी साध्या नोटपॅडमध्ये उघडली. आत पानभर नुसत्या बारीक चौकोनी चौकटी, कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यासारख्या एकावर एक रचलेल्या. अक्षर म्हणून एक नाही. सासरे बराच वेळ बघत राहिले.

"गेलं सगळं," ते म्हणाले. मग आत जाऊन अक्षता आणि एक जास्वंदीचं फूल घेऊन आले.

"कीबोर्डवर तांदूळ नको!" मी दोन्ही हात पसरून आडवी झाले. तडजोड म्हणून माउसखालच्या पॅडवर अक्षता पडल्या आणि फूल कॉम्प्युटरच्या डोक्यावर बसलं. कचऱ्याची टोपली नको असेल तर शिफ्ट धरून डिलीट दाबतात, मग फाइल टोपलीत न जाता थेट जाते, हे मी समजावून सांगितलं. ते त्यांना पटलं. ते म्हणाले, "पुनरागमनाय च."

"अहो बाबा, परत ये काय म्हणताय? भंगलेली आहे ती."

त्यांनी क्षणभर विचार केला. "देवानं यावं. फाइल नको."

मी शिफ्ट धरलं, डिलीट दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, कायमची काढू ना? मी सासऱ्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "होय म्हाराजा." मी होय दाबलं आणि फाइल गेली. भाभींनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

मी लगेच कोरं पान उघडून दिलं आणि खुर्ची सोडली. "बसा. लिहा नवी." त्यांनी कोऱ्या पानाकडे बघितलं, फूल उचलून देव्हाऱ्यात ठेवलं आणि कॉम्प्युटर बंद केला. म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशीही बघू. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर दोरीवर धोतर होतं आणि त्याच्या शेजारी टोपी चिमट्याने टांगलेली. मला इतका आनंद झाला की मी त्यांना विचारलंसुद्धा नाही, घोकलंत का म्हणून. नवी फाइल त्यांनी लिहिलीच नव्हती, हे मला नंतर कळलं.

पालखीच्या दिवशी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. आम्ही दोघं एसटीने गेलो. सहाणेभोवती गाव जमलं होतं, मुंबईकर झाडून आले होते, ढोल नुकतेच थांबले होते. बायका मागे माडाच्या सावलीत उभ्या राहतात, तिथे मी उभी राहिले. सासरे पुढे झाले, टोपी नीट केली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव म्हणालं.

त्यांचा आवाज लागला. ग्रामदेवता झाली. चव्हाटा झाला. मी मनातल्या मनात पुढे पुढे चालले होते : ग्राम, चव, पाण, पऱ्या, वड. प्रत्येक वेळी माझं बोट एंटर दाबायला हलत होतं. गाऱ्हाणं म्हणजे काय हे मला इतकी वर्षं नीट माहीत नव्हतं, मी दरवर्षी मागे उभी राहून घड्याळ बघायचे. यंदा मला पुढचं येत होतं.

वडाखालचा झाला आणि ते थांबले.

गेल्या वर्षीचीच जागा. पाठ ताठ, हात जोडलेले, आणि शांतता. पुढे उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी खाकरलं. एका ढोलवाल्याने पाय बदलला. गाव गेल्या वर्षीसारखं सांभाळून घेईल, असं मला वाटलं, पण कोणी सुरुवात करेना. मला त्यांचा चष्मा आठवला, पडद्यावर वाकलेला. इथे पडदा नव्हता.

"सड्यावरली जोगीण!"

माझाच आवाज. वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, आणि साताऱ्याचा. बायका बाजूला झाल्या, पुरुष मागे वळले. सहाणेवर बायकांनी बोलायची रीत नाही, हे मला माहीत होतं. मी खाली बघितलं.

आणि सासऱ्यांचा आवाज आला, आधीपेक्षा मोठा. "सड्यावरल्या जोगनी! वाटंनं जानारा तुला पाला वाहातो, त्येच्या पायाला ठेच लागू देऊ नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव गरजलं. मी जरा उशिरा म्हटलं.

पुढे ते कुठेही अडले नाहीत. शेवटी मागण्या येतात तेव्हा गुराढोरांचं झालं, मुंबईकरांचं झालं, आखातातल्यांचं झालं, आणि मग म्हणाले, "आनी घराघरात जी काय नवी यंत्रं आली हायत, त्यात जं काय वाकडंनाकडं आसंल, तं तुज्या पायानं दूर कर म्हाराजा!" मुंबईकर सगळ्यात जोरात "होय म्हाराजा" म्हणाले.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. मी वाट बघत होते. रागावले असतील तर रागावू देत, असं मी ठरवलं होतं, आणि उत्तरंही तयार ठेवली होती. ते बाहेर बघत होते. थांबे येत होते, जात होते, एकाही थांब्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, म्हणजे काहीतरी मोठं चाललं होतं.

"मी काय इसरलो नव्हतो गो," शेवटी ते म्हणाले. "तुला येतंय काय, ते बगत होतो."

"खोटं," मी म्हटलं.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रत्नागिरी आली, गाडी स्टँडात शिरली, माइकवर कोणीतरी नवा माणूस कुठल्याशा गाडीचा फलाट सांगत होता आणि मधली गावं खुशाल गाळत होता. सासऱ्यांनी नाक मुरडलं. खाली उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पायरीचा अंदाज घ्यायला.

"फुडल्या वर्साला जरा फुडं येऊन उबी ऱ्हा," ते म्हणाले. "मागनं आवाज यायला येळ लागतो."